लांब टेबलावरची एक रात्र : म्युनिकचा बिअर हॉल समजून घेताना

या मालेत आपण शहरांमधल्या सार्वजनिक जागा बघतो आहोत. म्हणजे अशा जागा, जिथे एकमेकांना न ओळखणारी माणसं रोज एकत्र येतात. आजची जागा आहे बिअर हॉल आणि गाव आहे म्युनिक. विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी हसत विचारलं, की येताना काही सोबत आणायचं का? तर नाही, काही आणायचं नाही. आणि जे बिअरला शिवत नाहीत त्यांनीही उठून जायचं कारण नाही. आज आम्हाला बोलायचं आहे ते बिअरइतकंच टेबलाबद्दल. आठ-दहा माणसं बसतील अशा एका लांब, लाकडी, बिनगादीच्या बाकांच्या टेबलाबद्दल.

पुण्याच्या, चाकणच्या बऱ्याच जणांना कंपनीच्या कामाने जर्मनीला जावं लागतं. काम संपल्यावर तिकडचे सहकारी एक दिवस संध्याकाळी बिअर हॉलला घेऊन जातात. गेलेली मंडळी परत आल्यावर फोटो दाखवतात. भलामोठा मग, भलीमोठी ब्रेत्सेल आणि मागे चामडी अर्धी चड्डी घातलेला वाजंत्रीवाला. फोटो छान असतात. पण आपण नेमके कुठे बसलो होतो, हे फोटोत येत नाही. ते आज बघू.

आत शिरताना

आम्ही चौघे जण संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला होफब्रॉयहाउसला पोचलो. म्युनिकच्या जुन्या गावात, मुख्य चौकापासून पाच-सात मिनिटं चालत. दार उघडलं आणि पहिली गोष्ट अंगावर आली ती आवाजाची. कमानींच्या छताखाली हजारभर माणसं एकाच वेळी बोलताहेत, मग टेबलावर आपटताहेत आणि मध्ये बँड वाजतोय. तळमजल्यावरच्या या दालनाला ‘श्वेमं’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ घोड्यांना पाणी पाजायची, आंघोळ घालायची जागा. नाव ठेवणाऱ्याला विनोदाची जाण होती.

आपल्याकडे हॉटेलात शिरलं की आपण रिकामं टेबल शोधतो. इथे रिकामं टेबल शोधायचं नसतं, रिकामी जागा शोधायची असते. चार माणसं बसलेली असतील आणि पुढे बाक मोकळं असेल, तर जवळ जाऊन विचारायचं, ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ म्हणजे, इथे जागा आहे का? समोरचा मान हलवतो, जरा सरकतो आणि आपण बसतो. बस्स. इराण्याच्या हॉटेलात गर्दीच्या वेळी आपण अनोळखी माणसासमोर खुर्ची ओढून बसायचो, तसंच. फरक इतकाच, की इराण्याकडे तो नाइलाज असायचा आणि इथे तोच रिवाज आहे.

आम्ही पहिल्यांदा बसलो ते मात्र चुकीच्या जागी. कोपऱ्यात एक छान टेबल दिसलं, बसलो. वाढणाऱ्या बाईंनी काही न बोलता टेबलावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं ‘श्टामटिश’. म्हणजे नेहमीच्या मंडळींचं टेबल. वर्षानुवर्षं ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येणारे लोक तिथे बसतात. त्यांची जागा रिकामी असली तरी ती रिकामी नसते. याच हॉलमध्ये जुन्या गिऱ्हाइकांचे स्वतःचे मग कुलूपबंद जाळीच्या कप्प्यांत ठेवलेले असतात. आल्यावर कुलूप उघडायचं, मग काढायचा, जाताना धुऊन परत ठेवायचा. तर आम्ही मुकाट्याने उठलो आणि दोन टेबलं पलीकडे एका कुटुंबाशेजारी सरकून बसलो.

म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच या जागेचे दोन नियम कळले. कोणीही येऊन कोणाही शेजारी बसू शकतो, हा पहिला. आणि काही जागा मात्र आपल्याच माणसांसाठी राखलेल्या असतात, हा दुसरा. हे दोन्ही नियम लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

मगाचा हिशेब

आता मग. ‘मास’ म्हणजे एक लिटर. जुन्या बव्हेरियात हे माप लिटरपेक्षा जरासं मोठं होतं, मेट्रिक पद्धत आल्यावर ते एक लिटरवर स्थिरावलं. आपल्याकडची बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची असते. म्हणजे एक मास ही जवळपास दीड बाटली झाली. साध्या ‘हेलेस’ बिअरमध्ये अल्कोहोलचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे एका मगात ५० मिली, वजनात सांगायचं तर सुमारे ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. नवखा माणूस मग एकच आहे म्हणून पितो आणि दुसरा मागवतो. दोन मगांत तीन मोठ्या बाटल्या पोटात गेल्या, हे त्याला उठताना कळतं.

काचेच्या मगाचं वजनच सव्वा किलोच्या आसपास असतं. भरला की सव्वादोन किलो. वाढणाऱ्या बायका असे दहा-दहा मग एका खेपेत घेऊन येतात. म्हणजे वीस-बावीस किलोंचं ओझं छातीशी धरून, गर्दीतून वाट काढत, रात्रभर. हे काम किती कष्टाचं आहे, याचा फोटोत पत्ता लागत नाही.

मगावर एक रेघ कोरलेली असते. बिअर त्या रेघेपर्यंत यायला हवी आणि फेस त्याच्या वर. पूर्वी भाजलेल्या मातीचे राखाडी मग असत. त्यात आत किती बिअर आहे आणि किती फेस, हे दिसतच नसे. काच आल्यावर ते उघडं पडलं. कमी भरलेल्या मगाविरुद्ध लढणारी चक्क एक संघटना म्युनिकमध्ये आहे. आपल्याला हे गमतीचं वाटतं. पण दुधात पाणी किती, यावर आपल्याकडे जितक्या गांभीर्याने बोललं जातं, तितक्याच गांभीर्याने तिकडे फेसाबद्दल बोलतात.

आणि भावाबद्दलही. १८४४ साली मे महिन्याच्या सुरुवातीला बिअर महागली म्हणून म्युनिकमध्ये दंगल झाली. लोकांनी दारू गाळणाऱ्यांच्या जागा फोडल्या. सैन्य बोलावलं, तर सैनिकही लोकांवर हात उगारायला राजी होईनात. शेवटी राजा पहिला लुडविग याला भाव उतरवावे लागले. बिअर ही त्या लोकांना चैन वाटत नव्हती. ती रोजच्या जेवणातली गोष्ट होती, भाकरीसारखी.

भाकरी आणि बिअर

भाकरीचा विषय निघालाच आहे, तर तो प्रसिद्ध कायदा बघू. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट इथे बव्हेरियाच्या दोघा ड्यूक भावांनी एक हुकूम काढला. बिअर फक्त जव, हॉप्स आणि पाणी यांचीच बनवायची. हाच तो ‘राइनहाइट्सगेबोट’, शुद्धतेचा कायदा. यात यीस्टचं नावच नाही, कारण बिअर नेमकी कशाने आंबते हे तेव्हा माहीत नव्हतं. आधीच्या घाण्यातला गाळ पुढच्यात घालायचा, आपण विरजण लावतो तसं, एवढंच ठाऊक होतं.

जाहिरातींमध्ये हा कायदा शुद्धतेचा म्हणून मिरवला जातो. पण मूळ हुकूम वाचला, तर त्याचा मोठा भाग भावाबद्दल आहे. हिवाळ्यात एका मासला एक फेनिगपेक्षा जास्त घ्यायचं नाही, उन्हाळ्यात दोनपेक्षा जास्त नाही. आणि जवच का? तर गहू आणि राय हे धान्य पावासाठी राहावं, त्याची बिअर होऊन पाव महागू नये, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

आता गंमत बघा. गव्हाची बिअर लोकांना आवडायची. मग ती बनवण्याचा खास परवाना एका सरदार घराण्याला मिळाला. १६०२ साली ते घराणं संपलं आणि तो हक्क खुद्द ड्यूककडे आला. ड्यूक पहिला माक्सिमिलियान याने लगेच १६०७ साली गव्हाच्या बिअरसाठी नवीन कारखाना उभारला. कुठे? तर आज आपण ज्या जागी बसलो आहोत, तिथेच. होफब्रॉयहाउस म्हणजे दरबाराचा बिअर कारखाना. त्याची स्थापना १५८९ ची, ड्यूक पाचवा विल्हेल्म याच्या काळातली. बाहेरून बिअर विकत आणायचा दरबाराचा खर्च वाचावा, हा हेतू. तेव्हा सामान्य माणसाला इथे बसून प्यायची सोय नव्हती. ती १८२८ साली झाली, याच पहिल्या लुडविगच्या काळात. पुढे बिअर बनवायचं काम शहराच्या दुसऱ्या भागात हललं आणि १८९७ साली वास्तुकार माक्स लिटमान याने आजची इमारत उभी केली. तीच ही कमानींची.

पण इतका मोठा हॉल लागावा इतकी बिअर आली कुठून? याचं उत्तर थंडीत आहे. बव्हेरियाची लागर बिअर ज्या यीस्टने आंबते, ते थंडीत, तळाशी बसून, सावकाश काम करतं. उन्हाळ्यात बिअर नासायची. म्हणून १५५३ पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायलाच बंदी होती आणि ती १८५० पर्यंत टिकली. मग उन्हाळ्यात प्यायचं काय? तर मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून ठेवायची. ती गार राहावी म्हणून इझार नदीच्या काठी उंचवट्यावर तळघरं खोदली, हिवाळ्यातला बर्फ भरला, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली. चेस्टनटच का, तर पानं मोठी आणि मुळं खोल जात नाहीत, तळघराला धोका नाही.

लोक त्या सावलीत बसून तिथेच बिअर प्यायला लागले. गावातले खानावळवाले ओरडायला लागले, की आमचं गिऱ्हाईक तिकडे चाललं. १८१२ साली राजाने तोड काढली. तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पण पावाखेरीज काही खायला देऊ नये. मग लोक घरून डबा आणायला लागले. आजही बव्हेरियातल्या अस्सल बिअर गार्डनमध्ये स्वतःचा डबा नेऊन बसता येतं, फक्त पेय तिथलं घ्यायचं. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, ही पाटी वाचत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना हे खरंच वाटत नाही.

१८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे याने म्युनिकच्याच एका बिअर कारखान्यासाठी थंडावा तयार करणारं यंत्र बनवलं. बर्फाची गरज संपली, बारा महिने बिअर बनू लागली आणि कारखाने प्रचंड वाढले. वाढलेली बिअर खपवायला मोठमोठे हॉल आले. आपल्या घरातला फ्रीजही त्याच घराण्यातला आहे, हे जाता जाता सांगतो.

ताटात काय

इथे एक व्यावहारिक भाग, कारण हा प्रश्न आम्हाला दरवेळी येतो. शाकाहारी माणसाने काय खावं?

ब्रेत्सेल आहेच. तो गाठ मारलेला, बाहेरून तपकिरी पाव. भाजण्याआधी कणीक सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात, म्हणून तो रंग आणि ती चव येते. काही ठिकाणी कणकेत चरबी घालतात, तेव्हा विचारून घ्यावं. ‘ओबात्स्डा’ म्हणजे मऊ चीज, लोणी, कांदा, पेपरिका कालवून केलेलं. ब्रेत्सेलला लावून खायला फार छान. पांढऱ्या मुळ्याचं मीठ लावलेलं लांबच लांब वेटोळंही मिळतं. आणि ‘केझश्पेट्स्ले’, म्हणजे चीजमध्ये घोळवलेल्या अंड्याच्या छोट्या शेवया, वर तळलेला कांदा. अंडं चालत असेल तर पोट भरतं. फसवणारे पदार्थ दोन. एक, आंबट कोबी. दिसतो निव्वळ कोबी, पण बरेचदा डुकराच्या चरबीत किंवा मांसाच्या तुकड्यांसह शिजवलेला असतो. दुसरा, बटाट्याचा ‘क्न्योडेल’. गोळा शाकाहारी, पण वर ओतलेला रस्सा मांसाचा.

मांसाहारी मंडळींना डुकराची भाजलेली तंगडी, अर्धी कोंबडी, पांढरं सॉसेज. हे पांढरं सॉसेज दुपारचे बारा वाजायच्या आत खायचं असतं, गोड मोहरीबरोबर आणि वरचं साल काढून. फ्रीज नसण्याच्या काळातला हा नियम आहे, पण अजून पाळतात.

न पिणाऱ्यांनी सफरचंदाचा रस आणि सोडा मागवावा, कोणी वळूनही बघत नाही. बिनअल्कोहोलची बिअरही मिळते. मात्र जर्मनीत त्या नावाखाली अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं, हे ज्यांना अजिबात नको त्यांनी लक्षात ठेवावं.

आवाज

आठ वाजले. बँड जोरात आला. ट्युबा, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ॲकॉर्डियन. दर थोड्या वेळाने एक छोटंसं गाणं येतं, सगळे उठतात, मग उंचावतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघून मग टेकवतात, पितात, बसतात. हे गाणं अगदी बव्हेरियन वाटतं, पण त्याचा रचनाकार सॅक्सनीतल्या केमनित्सचा होता. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना एकदम प्यायला लावणारं गाणं धंद्यालाही सोयीचं, हे आपल्याला कळतंच.

तर हा आवाज. कमानीचं दगडी छत, लाकडी टेबलं, कुठे पडदा नाही, गालिचा नाही. आवाज शोषून घेणारं काही नाही. अशा ठिकाणी माणूस नकळत आवाज चढवतो. समोरच्यालाही मग चढवावा लागतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार याने १९११ साली हे मांडलं, त्याला लोंबार परिणाम म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये आपण हेच अनुभवतो. तासाभरात सगळेच ओरडत असतात आणि आपण ओरडतोय हे कोणालाच वाटत नाही.

आमच्या शेजारच्या कुटुंबातले आजोबा तोपर्यंत आमच्याशी बोलायला लागले होते. त्यांचं जर्मन आम्हाला अर्धं कळत होतं, आमचं त्यांना पाव. गाणं आलं की ते आम्हाला उठवत. खांद्याला खांदा लावून आम्ही डोलत होतो. बरं वाटत होतं. परक्या देशात, परक्या भाषेत, कोणीतरी आपल्याला बाकावर जागा दिली, याचं फार बरं वाटत होतं. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. कारण पुढचं ऐकताना हे बरं वाटणं विसरायचं नाही.

तोच हॉल, तेच टेबल

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मोठा सभागृहासारखा हॉल आहे. पहिल्या महायुद्धानंतरचं म्युनिक डोळ्यांसमोर आणा. राजा गेलेला, पराभव झालेला, महागाई, बेकारी. राजकीय सभा घ्यायची तर हजार-दोन हजार माणसं मावतील अशी बंदिस्त जागा कुठे? बिअर हॉलमध्ये. माणसं तर तिथे येतातच.

१३ एप्रिल १९१९. ही तारीख आपल्याला जालियनवाला बागेमुळे पाठ असते. त्याच दिवशी संध्याकाळी म्युनिकमध्ये कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधींनी होफब्रॉयहाउसमध्ये जमून कम्युनिस्ट सत्ता जाहीर केली. ती काही आठवडेच टिकली आणि रक्तपातात संपली. त्यानंतर वर्षही व्हायच्या आत, २४ फेब्रुवारी १९२० रोजी, त्याच होफब्रॉयहाउसमध्ये सुमारे दोन हजार लोकांसमोर अडॉल्फ हिटलरने आपल्या पक्षाचा २५ कलमी कार्यक्रम वाचून दाखवला. लोकांत विरोधकही पुष्कळ होते, आरडाओरडा झाला. ४ नोव्हेंबर १९२१ ला तर तिथे मारामारीच झाली. हत्यार काय? जे हातात होतं ते. सव्वा किलोचा मग.

८ नोव्हेंबर १९२३. आता जागा दुसरी, इझारच्या पलीकडचा ब्युर्गरब्रॉयकेलर. ‘केलर’ म्हणजे तळघर. वर सांगितलं त्याच बिअरच्या तळघरांच्या परंपरेतलं नाव. सरकारातले बडे लोक सभेला आलेले. हॉल गच्च भरलेला. पैसा इतका घसरलेला, की त्या रात्री एका बिअरला शंभर कोटी मार्क पडत होते. साडेआठच्या सुमाराला हिटलर सशस्त्र माणसांसह घुसला, छताकडे पिस्तूल झाडलं आणि क्रांती झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला, गोळीबार झाला, उठाव फसला. चार पोलीस आणि मोर्चातले पंधरा-सोळा जण मेले. नंतर हॉलवाल्याने फुटलेल्या मगांचं आणि हरवलेल्या काट्या-चमच्यांचं बिल पक्षाला पाठवलं, असंही नोंदलेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात हॉलचा काय दोष? दोष नाहीच. पण मघाचे दोन नियम आठवा. कोणीही येऊन कोणाही शेजारी बसू शकतो आणि काही जागा आपल्याच माणसांसाठी असतात. पहिल्या नियमाने लोक जमतात. खांद्याला खांदा लागतो, एकच गाणं, एकच ठेका, एकाच वेळी उठणं, एकाच वेळी बसणं. हे सगळं आधीपासून तिथे आहे. व्यासपीठावर येणाऱ्या माणसाला ते नव्याने शिकवावं लागत नाही. त्याला फक्त दुसरा नियम ताणायचा असतो. सगळा देशच आपला श्टामटिश आहे, आणि बघा, कोण परका येऊन आपल्या बाकावर बसलाय. आम्ही चुकीच्या टेबलावर बसलो, तेव्हा बाईंनी हसून पाटी दाखवली. १९३३ नंतर ज्यांना उठवलं गेलं, त्यांना दोन टेबलं पलीकडेही जागा मिळाली नाही. म्युनिकपासून जवळच डाखाउ आहे.

एकटा बसलेला माणूस

१९३३ पासून दरवर्षी ८ नोव्हेंबरला हिटलर ब्युर्गरब्रॉयकेलरमध्ये उठावाच्या आठवणीत भाषण करायचा. १९३९ च्या उन्हाळ्याअखेर तिथे एक सुतार यायला लागला. गेओर्ग एल्झर, क्योनिग्सब्रोनचा. संध्याकाळी यायचा, स्वस्तातलं जेवण घ्यायचा, कोणाशी फारसं बोलायचा नाही. जेवण झालं की वरच्या सज्जात जाऊन लपायचा. हॉल बंद झाला, माणसं गेली, की विजेरीच्या उजेडात भाषणाच्या जागेमागचा खांब आतून पोखरायचा. असं त्याने तीसहून जास्त रात्री केलं. निघणारा भुगा तो पोत्यात, पिशवीत भरून बाहेर न्यायचा. कोणत्याही पक्षाचं काम म्हणून नाही. युद्ध थांबवायला हवं, एवढं त्याचं त्याने ठरवलं होतं.

बॉम्ब रात्री नऊ वीसला फुटला, अगदी ठरवलेल्या वेळी. पण धुक्यामुळे विमान रद्द झालं होतं, आगगाडी गाठायची होती, म्हणून हिटलर भाषण आटोपून तेरा मिनिटं आधीच निघून गेला होता. आठ जण मेले. त्यांतले सात पक्षाचे होते. आठवी होती तिथे काम करणारी एक बाई. मघाशी दहा-दहा मग उचलणाऱ्या बायकांचं बोललो ना, तशीच.

ती बाई या गोष्टीतून वगळायची सोय नाही. एल्झरने बरोबर केलं की चूक, यावर जर्मनीत कित्येक वर्षं वाद झाला आणि त्याला मान मिळायला अनेक दशकं लागली. आम्ही निकाल देणार नाही. पण एवढं सांगतो. त्या हॉलमध्ये सगळे एकाच ठेक्यावर उठत-बसत असताना एक माणूस ताट पुढे घेऊन गप्प बसला होता आणि स्वतःच्या डोक्याने विचार करत होता. सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला जायच्या प्रयत्नात तो त्याच संध्याकाळी पकडला गेला. ९ एप्रिल १९४५ रोजी डाखाउमध्ये त्याला गोळी घातली. त्यानंतर वीस दिवसांनी अमेरिकन सैन्य तिथे पोचलं.

आज

ब्युर्गरब्रॉयकेलर १९७९ साली पाडला. तिथे फुटपाथच्या फरशीत एल्झरच्या नावाची एक पाटी बसवली आहे. चालताना लक्ष नसेल तर पाय पडून पुढे जाल. होफब्रॉयहाउसही बॉम्बहल्ल्यांत पडलं होतं. ते पुन्हा बांधलं, वरचा मोठा हॉल १९५८ मध्ये परत उभा राहिला.

मग आता तिथे जाऊन मजा करावी की नाही? आम्हाला हे नेहमी विचारतात. जरूर करावी. कारण उलटंही खरं आहे. १९९५ साली एका बिअर गार्डनने रात्री साडेनऊला बंद करावं, असा आदेश शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून आला, तेव्हा म्युनिकमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. श्रीमंत-गरीब, म्हातारे-तरुण. त्यांचं म्हणणं असं, की ही नुसती प्यायची जागा नाही, आम्ही एकमेकांना भेटायची जागा आहे. पुढे सरकारने बिअर गार्डनसाठी वेगळा नियमच केला. आणि तिकडच्या खेड्यांत जुनी खानावळ बंद पडली, की लोक हळहळतात. कारण मग शेजारी शेजाऱ्याला भेटतो कुठे? लांब टेबल नसलं की माणसं आपापल्या घरात, आपापल्या पडद्यासमोर बसतात. तिथेही कोणीतरी ठेका देतच असतं. फक्त समोर मान हलवून जागा करून देणारे आजोबा नसतात.

त्या रात्री साडेअकराला आम्ही उठलो. बिल मागितलं, वरचे पैसे धरून रक्कम तोंडाने सांगितली, तिकडे तशी पद्धत आहे. आजोबांनी हात हातात घेतला. बाहेर थंडी होती आणि कान अजून वाजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदी ओलांडून ती पाटी बघायला गेलो. शोधायला वेळ लागला. तुम्ही कधी गेलात तर दोन्ही बघा. आधी रात्री टेबल, मग सकाळी पाटी. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर पायी अर्ध्या तासाच्या आतलं आहे.

आज इथेच थांबू.